ग्लेनिसच्या हातचा खुराक

ॲडलेडच्या त्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं पेशींचा खुराक ग्लेनिस शिर्मरच बनवत आली. लालसर पाणी, त्यात साखर, क्षार आणि शेवटी जंतू मारणारं औषध. कागद बघायची तिला गरजच नव्हती. पेशींशी ती लाडाने बोलायची, माणसांवर मात्र खेकसायची.

अपवाद फक्त लोसाचा. या सामोअन मुलीचा प्रबंध एका प्रश्नावर अडला होता. कूर्चेच्या पेशी प्रथिनाला साखरेचा एकेक मणी जोडत लांब माळा करतात आणि त्यांवर जागोजागी सल्फेट टाचतात. सल्फेट मिळालंच नाही तर माळा बोडक्या राहतील, असं लोसाचं म्हणणं. तपासणीचा निळा रंग सल्फेट असलं की जांभळा होतो, म्हणजे तसं झालं तर तो निळाच राहायला हवा. तीनदा तो जांभळा झाला.

"तुझे हातच स्वच्छ नाहीत," प्रमुख नेविल सगळ्यांदेखत म्हणाला. "शुक्रवारी हा विषय बंद."

शुक्रवारीच ग्लेनिस निवृत्त होणार होती. गुरुवारी फ्रीज आवरताना औषधाची बाटली हातात आली आणि लेबलवर नजर गेली. स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट! सल्फेटचा क्षार तिने आठवणीने वगळला होता, पण हे औषध सवयीने तिन्ही वेळा घातलं होतं. गुपचूप नवा खुराक केला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण पोरीच्या हातांवरचा डाग तसाच राहिला असता.

निरोपाच्या चहाला नेविल स्तुतीचं भाषण करत होता.

"पुरे!" हातातला लॅमिंग्टन केक खाली ठेवत ग्लेनिस म्हणाली. "सल्फेट मी घातलं. औषधातून. तीनही वेळा."

लोसा पुटपुटली, "आंटी, आज कशाला सांगितलंत?"

"मग कधी, मेल्यावर? नेविल, हिला एक आठवडा दे. मी येते फुकट."

नेविलने मान डोलावली.

पुढच्या शुक्रवारी औषधाविना वाढवलेल्या पेशी तपासल्या. दोघी बघत राहिल्या. रंग निळाच राहिला. लोसाने ग्लेनिसला घट्ट मिठी मारली. तिने न लपवता डोळे पुसले.

"सोड, बरगड्या मोडशील," ती खेकसली. "जा, आता दाखव त्या नेविलला तुझे हात."