सुईनंतरची खोली

चहा मीच पाजला. साखरेचा. तपासणीसाठी बायकोला रात्रीपासून उपाशी राहायचं होतं. कोथरूडहून स्कूटरवर येताना तिला गरगरलं आणि मी नवरेपणा दाखवला. टपरीवर अर्धा कप. कंपनीत सूचना वाचत नाहीत म्हणून पोरांना झापणारा मी!

तिच्या छातीत गाठ होती. साध्या फोटोत धड दिसेना, म्हणून फक्त छातीचं, बारीकातलं बारीक दाखवणारं हे नवं यंत्र. किरणं सोडणारी साखर सुईने देतात. गाठ ती आधाशासारखी खाते आणि पडद्यावर उजळते. रक्तात आधीच साखर चढलेली असली की सगळं वाया.

बोटातलं रक्त तपासलं. तपासणी रद्द. डॉक्टर बाहेर आले, कागदावरचं आमचं आडनाव वाचलं आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इथे सवलत नसते हो. उपाशी म्हणजे सगळ्यांनी उपाशी."

दोघं-तिघं हसले. मीही हसलो.

तेच मला अजून छळतं. ऑफिसात कुणी 'कोट्यातला' म्हटलं की हसायचं, ही जुनी सवय. पण इथे सवय नव्हती, भीती होती. गाठ बघणारे डोळे त्यांचे. ते चिडायला नकोत. बायकोने माझं हसू पाहिलं. घरी जाताना स्कूटरवर तिने माझ्या खांद्यावरचा हात काढून मागची दांडी धरली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. सुई दिल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "काका, आता यांच्यापासून लांब बसा. संडासही वेगळा आहे त्यांना. संध्याकाळपर्यंत विरतं ते."

बिचाऱ्या मायेनेच बोलल्या. पण काचेपलीकडे ती एकटी बसलेली, आणि मला आजोबा दिसले. गावच्या हॉटेलाबाहेर, वेगळ्या कपासाठी उकिडवे बसलेले. त्यांचं काही संध्याकाळपर्यंत विरलं नाही. माझ्यापर्यंत आलं. अजूनही डोळे मिटले की ती काच दिसते. कधी मागे ती असते, कधी ते.

तेवढ्यात डॉक्टर आले. सोबत दोन शिकाऊ. "हे आपले चहावाले. आज काय, भजी?"

मी उठलो.

"डॉक्टर, चहा मी पाजला. माझ्या आडनावाने नाही."

"अहो, गंमत केली."

"माझी बायको आत बसलीय. मला गंमत नको. तपासणी नीट करा आणि आमच्याशी नीट बोला."

शिकाऊ जमिनीकडे बघू लागले. डॉक्टर आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पडद्यावर बोट ठेवून सगळं नीट समजावलं. गाठ उजळली होती. शेजारी आणखी एक ठिपका, साध्या फोटोत न दिसलेला. दोन्हींचा तुकडा काढून तपासायचं ठरलं.

बाहेर आल्यावर मी पुटपुटलो, "काल बोललो ते चुकलं का गं? अजून त्यांच्याकडेच यायचंय."

ती थांबली.

"मी जगेन की नाही, ते पुढे कळेल. पण माझ्या जिवाची सबब सांगून तुम्ही पुन्हा कुणापुढे वाकायचं नाही."