उपाशीपोटी साखर तीनशे बारा

परवाच्या शुक्रवारी संकष्टी होती आणि त्या संध्याकाळी आमच्या ओमानमधल्या, सोहारच्या फ्लॅटमध्ये माझी पाचावर धारण बसली. आता हसू येतंय, म्हणून लिहितोय...

तर मी सध्या केटोवर आहे. इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, आमच्या प्लांटवर, अर्ध्या लोकांना या डाएटची लागण झाली आहे. भात-पोळी बंद, अंडी आणि सुरमई चालू. माझ्यासारख्या कोकणातल्या माणसाला सुरमईचं काय दुःख... भाताचं मात्र आहे.

या डाएटवाल्यांचं एक खेळणं असतं. बोटाला टोचायचं, स्ट्रिपवर रक्ताचा थेंब द्यायचा, की मशीन रक्तातले केटोन दाखवतं. शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की हे केटोन वाढतात. आकडा अर्ध्यापासून तीनपर्यंत असला की आम्ही खूश. प्लांटवर हल्ली लोक सकाळी "तुझा किती?" एवढंच विचारतात.

आता संकष्टीची गंमत बघा. एरवी आमच्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी. पण साबुदाणा, बटाटा, रताळं डाएटला चालत नाही, आणि अंडी-मासे उपासाला चालत नाहीत. दोघांच्या भांडणात माझ्या वाट्याला उरलं पाणी आणि कोरा चहा.

संध्याकाळी सुप्रिया, म्हणजे माझी बायको, मोदकांची उकड काढत होती. गूळ-खोबऱ्याचं सारण माझ्याकडे होतं. सारण हाताने मोकळं केलं, पण नैवेद्याआधी चाखायचं नाही म्हणून बोटसुद्धा चाटलं नाही. हात टॉवेलला पुसले आणि दिवसभराच्या उपासाचं फळ बघावं म्हणून मशीन काढलं.

केटोन तीन पॉइंट एक. वा... मग त्याच मशीनमध्ये साखरेची स्ट्रिप घातली. तीनशे बारा.

मला वाटलं स्ट्रिप खराब असेल. शेजारच्या बोटाला टोचून पुन्हा बघितलं, तर दोनशे सत्त्याण्णव. दिवसभर पोटात अन्नाचा कण नाही आणि साखर तीनशे?

घाबरायला कारण होतं. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, तरुणपणापासून इन्सुलिन आहे. मागे कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने ते बंद केलं आणि रत्नागिरीला थेट आयसीयूत गेला. साखर आणि केटोन दोन्ही एकदम चढले होते, रक्तात आम्ल झालं होतं. दादा वाचला, पण त्या आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मी आणि सुप्रिया दोघंही बसलो होतो. आता तेच दोन आकडे माझ्या मशीनवर होते.

सुप्रियाने ते बघितले, गॅस बंद केला आणि गाडीची किल्ली घेतली. तिला लायसन्स मिळून फार दिवस झालेले नाहीत, राउंडअबाउट आला की ती देवाचं नाव घेते. त्या दिवशी सगळे राउंडअबाउट तिने एक शब्द न बोलता पार केले. मागच्या सीटवरून सई, आमची तिसरीतली मुलगी, "बाबाला काय झाला?" असं विचारत होती आणि तिचं मराठी सुधारायचंही कुणाला सुचलं नाही.

क्लिनिकमधले डॉक्टर केरळचे. मी एका दमात डाएट, उपास, दादा, दोन आकडे सगळं सांगितलं. उलटी, पोटदुखी, खूप तहान, धाप... त्यांनी एकेक विचारलं, यातलं मला काहीच नव्हतं. मग त्यांनी दिवसभर काय काय केलं ते विचारलं. मोदकाशी आल्यावर ते थांबले, माझा हात पुढे ओढून त्यांनी चक्क वास घेतला.

"पहले साबुन से हाथ धोके आओ," ते म्हणाले.

हात धुतले, नीट कोरडे केले, पुन्हा टोचलं. साखर चौऱ्याऐंशी. केटोन दोन पॉइंट नऊ.

मशीनने माझ्या रक्ताबरोबर बोटावरचा गूळही मोजला होता! डॉक्टरांनी खात्रीसाठी शिरेतून रक्त घेऊन तपासलं, तेही उत्तम. मग शांतपणे समजावलं. डाएट आणि वर उपास, म्हणजे केटोन तीनच्या आसपास जाणारच, आणि साखर कमी असेल, बरं वाटत असेल, तर त्यात घाबरण्यासारखं नाही. दोन्ही खरोखर चढले आणि उलट्या-धाप सुरू झाली, तर मात्र धावत यायचं. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर हे डाएट डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. त्यांच्यात काही गोळ्यांवर साखर फार न चढताही आम्ल होऊ शकतं.

मी इतका हलका झालो की बाहेर येताना वॉचमनशीही हात मिळवला. सुप्रिया मात्र गाडीत बसली, किल्ली लावली, पण गाडी सुरूच करेना.

"तुम्हाला सांगू?" ती म्हणाली. "येताना मी मनातल्या मनात सामान बांधत होते. सईला रत्नागिरीत कुठल्या शाळेत घालायचं, तेपण ठरवलं होतं मी."

इथे आमच्या तिघांचा मुक्काम माझ्या व्हिसावर आहे. माझ्या डोळ्यांसमोर फक्त आयसीयू होता, तिने त्याच्या पुढचं सगळं आयुष्य त्या एवढ्याशा रस्त्यात उरकून टाकलं होतं. ती रडायला लागली तशी सईही रडायला लागली, आणि मग मीही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी उठलो आणि उगीचच घरभर फिरलो. सईचं दप्तर, सुप्रियाच्या कुंड्या, दोरीवरचे कपडे... सगळं जागच्या जागी होतं. बाप्पा, असंच राहू दे.