एका क्रियापदाचे काका

माझ्यासारख्याने कुणाबद्दल लिहावं, हे जरा धाडसच आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण आमच्या काकांएवढं एका शब्दावर प्रेम करणारा माणूस अख्ख्या मुंबईत नसेल, एवढं मात्र नक्की.

आई खारदांड्याहून मासळी घेऊन अंधेरीच्या बाजारात बसते. काका तिचं जुनं गिऱ्हाईक, विमा कचेरीतून निवृत्त झालेले. कुणाला देव असतो, कुणाला व्यसन. काकांना 'टेक' हे इंग्रजी क्रियापद होतं. पापलेट उलटसुलट करत ते सांगत, "अगं, हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हेच! उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी होडीतून तिकडे नेला. पहिला अर्थ बहुधा नुसता हात लावणं!"

आई म्हणे, "काका, हात लावून लावून पापलेट मऊ केलंत. आता घेऊन टाका!"

मागे खोळंबलेलं एखादं गिऱ्हाईक "आजोबा, चला ना!" म्हणून ओरडे. काका वळून त्यालाही एक अर्थ देत. दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही त्यांनी खुणांनी दोन अर्थ समजावले म्हणे, आणि मला ते खरं वाटतं.

पहिल्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो. कॉलेज सोडून आईसोबत बसायचं ठरवलं. हे ऐकून काकांनी हातातलं पापलेट स्वतःहून खाली ठेवलं.

"अख्खी इंग्रजी एकदम कशाला उचलतोस रे? एक क्रियापद धर. औषध आपण पितो, फोटो काढतो, वेळ लागतो. त्यांचं सगळीकडे टेक! परीक्षासुद्धा आपण देतो, ते घेतात. तूही घे ना, घाबरतोस काय!"

मग रोज संध्याकाळी बर्फाच्या पेटीवर बसून आम्ही त्या शब्दापासून निघायचो आणि बोलता बोलता अख्ख्या उताऱ्यापर्यंत पोचायचो. मी चुकलो की काका खूश होत. "नवीनच अर्थ काढलास की!" माझ्या चुका इतक्या मायेने कुणी ऐकल्या नव्हत्या.

फेरपरीक्षेनंतर काका आजारी पडले. मुलगी त्यांना मुलुंडला घेऊन गेली. मी पास झालो, पण त्यांचा फोन लागेना. आईने त्यांच्यासाठी मोठं पापलेट बाजूला ठेवलं होतं. शेवटी ते दुसऱ्याच गिऱ्हाइकाला गेलं.

परवा त्यांची मुलगी बाजारात आली. माझा निकाल लागला त्याच रात्री काका गेल्याचं तिने सांगितलं. मी कसंबसं विचारलं, "ताई, माझा निकाल त्यांना..."

"कळला होता. तुझा सीट नंबर पाठ होता त्यांना. रोज मला मोबाइलवर बघायला लावायचे. पास दिसल्यावर मी फोन लावत होते, तर म्हणाले, 'आत्ता नको. आधी त्याच्या तोंडून त्याच्या आईला कळू दे. आपण उद्या करू.'"