दोनशे चाळीस डाव्या बाह्या

कारखान्यात सगळे त्यांना टेपबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. समोर नुसतं बाई. मोजायची टेप गळ्यात अडकवून त्या सकाळी आठला येत आणि ती तशीच घेऊन घरी जात. सख्ख्या भाचीच्या लग्नातही ती गळ्यातच राहिली होती, आणि फोटोत नवरीच्या आधी टेपच नजरेत भरते, असं त्यांचे यजमान येईल त्याला सांगत. एकोणिसाव्या वर्षी त्या इथे बटणं लावायला आल्या होत्या. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी कापणी आणि शिलाईचा अख्खा मजला त्यांच्या हाताखाली होता. गोड बोलणं हा त्यांचा प्रांत नव्हता. शिलाई वाकडी दिसली की त्या असं बघत की शिवणारीने आपणहून टाके उसवायला घ्यावेत.

या मजल्यावर कटिंग मास्तर नवे होते. वय चव्वेचाळीस, हात सफाईदार, पण माणूस ताकही फुंकून पिणारा. आधीच्या कारखान्यात त्यांच्याकडून एका कॉलरचं माप चुकलं होतं. तिथल्या मालकाने ती कॉलर उंच धरून सगळ्यांना दाखवली, चार शब्द सुनावले आणि संध्याकाळी घरी पाठवलं. पुढचे पाच महिने घर बायकोच्या एकटीच्या पगारावर चाललं. तेव्हापासून मास्तरांनी एक धडा घेतला होता: झाकली मूठ सव्वा लाखाची.

इथे त्यांना सहा महिने झाले असतील. इस्पितळातल्या नर्सबाईंसाठी एकशे वीस कोट शिवायचे होते. मास्तरांनी कापडाचे थर टेबलावर मांडले, बाह्यांचे साचे ठेवले, मशीन फिरवलं. दुपारी बाराला गठ्ठे बांधताना त्यांनी सहज दोन बाह्या उचलून आपल्याच खांद्यांना लावून पाहिल्या. दोन्ही डाव्या. दुसऱ्या गठ्ठ्यातून दोन काढल्या, त्याही डाव्या. कापडाला एक चकचकीत बाजू असते, एक मंद. एक थर चकचकीत बाजू वर, पुढचा खाली, असं मांडलं की कापताना डावी-उजवी जोडी आपोआप निघते. मास्तरांनी सगळे थर एकाच तोंडाने मांडले होते. दोनशे चाळीस बाह्या, सगळ्या डाव्या, आणि कापड उलटं करून चालणारं नव्हतं.

मास्तरांची पाचावर धारण बसली. आजूबाजूला कोणी बघत नाही असं पाहून त्यांनी ते गठ्ठे चिंध्यांच्या पोत्यांमागे सरकवले आणि उरलेली दुपार खिसे कापत काढली. बाई दोनदा टेबलाजवळून गेल्या. दोन्ही वेळा मास्तर मान वर न करता कापत राहिले.

संध्याकाळी डबा भरलेलाच परत आला तेव्हा बायकोने काय ते ओळखलं. मास्तरांनी खालमानेने सगळं सांगितलं. तिने डबा घासायला घेतला आणि म्हणाली, "नोकरी जायची असेल तर जाईल. पण चिंध्यांत सापडून जाण्यापेक्षा सांगून जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी बाई कुलूप काढत होत्या तेव्हाच मास्तर दारात उभे होते. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं, पोत्यांसकट. आता कोण कोण गोळा होतं आणि कोणासमोर बाही उंच धरली जाते, याची ते वाट बघत राहिले.

बाईंनी एवढंच विचारलं, "केव्हा कळलं?"

"काल. बाराच्या सुमारास."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बराच वेळ पाहिलं. मग गिरणीला फोन लावला. कापडाची गाडी काल चारला येऊन गेली होती. आता परवा. फोन ठेवल्यावर मात्र त्या खरोखर चिडल्या.

"कापड वाया गेलं, त्याचं मी बघते. पण दिवस वाया घालवलात मास्तर. तो मी कुठून आणू?"

मास्तरांना हे बोलणं जितकं लागलं तितकी ती कॉलरही लागली नव्हती. कारण हे खरं होतं.

मग बाईंनी त्यांना बाजूला उभं केलं आणि उरलेलं कापड घेऊन स्वतः त्यांच्या टेबलापाशी गेल्या. काल झालं तसंच करायचं, शहाणपणा करायचा नाही, असं स्वतःलाच बजावत त्यांनी कामाची चिठ्ठी वाचली. 'मांडणी' या शब्दापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याच चिमट्यात आदल्या कामाची चिठ्ठी लटकत होती, नक्षीच्या कापडाची. तिच्यावर ठळक लिहिलं होतं, सगळे थर एका तोंडाने. बाईंचा हात तिसऱ्या थराशी थांबला. त्यांनीही चकचकीत बाजू वरच ठेवली होती.

"ही रिकामी चिठ्ठी कोणी लिहिली?" त्यांनी विचारलं. एव्हाना जमलेल्या बायकांपैकी कोणी तोंड उघडलं नाही, कारण अक्षर बाईंचं होतं.

मालक अकराला आले ते ओरडतच. कोणी केलं, हा त्यांचा पहिला प्रश्न आणि तोच शेवटचा. बहुतेक साहेब मंडळींचं असंच असतं. एकदा नाव मिळालं की काम झाल्यासारखं वाटतं आणि बाह्या डाव्याच राहतात. मास्तर पुढे व्हायला लागले तेव्हा बाईंनी त्यांना हाताने मागे सारलं.

"कापलं मास्तरांनी, अर्धी चिठ्ठी लिहिली मी," त्या म्हणाल्या. "काढायचं तर दोघांना काढा. पण उजव्या बाह्या कोण कापणार ते आधी ठरवा."

मालक तणतणत निघून गेले. उशीर होणार हे इस्पितळाला सांगायला त्यांनाच जावं लागलं आणि ते पुढे महिनाभर त्यांनी ऐकवलं. कापड आल्यावर सुट्टीच्या दिवशी मजल्यावर दोघंच होती. बाईंनी थर मांडले, मास्तरांनी कापले. उरलेल्या डाव्या बाह्यांतून पुढच्या कामाचे खिसे निघाले. बायकांनी मास्तरांना हाक मारायची झाली की डावा हात वर करायला सुरुवात केली. चिठ्ठीवर मांडणी लिहिल्याशिवाय कापडाला हात लावायचा नाही, असं बाईंनी ठरवून टाकलं आणि स्वतःलाही त्यातून सोडलं नाही.

तीन आठवड्यांनी कॉलरला खाच देताना मास्तरांची कात्री अर्धा इंच आत गेली. तीस थर. पुन्हा कॉलरच. चिंध्यांची पोती तीन पावलांवर होती. बाईंचं टेबल दुसऱ्या टोकाला, बावीस मशीनं ओलांडून. मास्तर चालायला लागले तशी मशीनं एकेक करून थांबली. ते चालत राहिले.

"बाई, चुकलंय."

"केव्हा कळलं?"

"आत्ता."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग मास्तरांकडे. कात्री अजून त्यांच्या मुठीतच होती.

"ती आधी खाली ठेवा," बाई म्हणाल्या, आणि गळ्यातली टेप काढत त्यांच्यापुढे कापणीच्या टेबलाकडे निघाल्या.