आत्याचा मान

मी घर सोडलं तो वडवणीच्या बाजाराचा दिवस होता. आई वस्तीवरच थांबली, अण्णा शेळ्या घेऊन सकाळीच रानात गेले, आणि मला बीडच्या गाडीत बसवायला आली ती अण्णांची मोठी बहीण, सोजराआत्या. बाजारातलं मिरच्यांचं दुकान शेजारणीच्या हवाली करून ती तशीच उठून आली होती, त्यामुळे निरोपाच्या वेळी दोघींनाही शिंका आवरत नव्हत्या. खिडकीतून हात घालून तिनं माझी कॉलर सारखी केली. म्हणाली, "बटनं लावीत जा. आन् सुट्टीला ये."

तेव्हा मी घराच्या लेखी मुलगा होते. आत्यानंच माझ्या बारशाला कानात सांगितलेलं मुलाचं नाव मी इथे लिहीत नाही. तुमच्यातल्या ज्यांना ते माहीत आहे त्यांनी आपल्याजवळच ठेवावं. ही विनंती कमी आणि दम जास्त समजा.

पुण्यात कुरिअरच्या गोदामात काम मिळालं. दिवसभर पार्सलं स्कॅन करायची. शेकडो बायकांची नावं हाताखालून जायची आणि त्यातली आवडलेली मी मोबाइलमध्ये टिपून ठेवायचे. त्यात कियारा होती, समायराही होती, लपवत नाही. माझी रूम-पार्टनर फरजाना, तीही माझ्यासारखीच, जालन्याहून निघून आलेली. तिनं युक्ती काढली. एकेक नाव आठवडाभर वापरायचं. तिनं मागून अचानक हाक मारायची, मी विचार न करता वळले तर नाव माझं. मंडईत तिनं "कियारा" म्हणून हाक मारली तेव्हा भलत्याच दोन पोरी वळल्या. "कावेरी" म्हणाली त्या दिवशी मात्र मी मेथीची जुडी टाकून गर्रकन वळले. मग तिथेच रडू आलं. भाजीवाली म्हणाली, ताई, मेथी उचला आधी.

अर्ज, प्रतिज्ञापत्र, गॅझेट, सगळे सोपस्कार झाले. नव्या आधार कार्डाचा फोटो मी धाकट्या भावाला, दत्ताला पाठवला. त्यानं तो घरात दाखवला. आई रडली. अण्णांनी फोन हातात घेतला, बघितला आणि परत दिला. दोन दिवसांनी सोजराआत्याचा फोन आला. लोक काय म्हणतील, डॉक्टरला दाखव, देवाला कौल लाव, या सगळ्यावर माझी उत्तरं तयार होती. पण आत्या म्हणाली, "कावून केलंस असं? नाव ठिवायला मी मेले व्हते का? एक फोन न्हाई करता आला?"

आपल्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. बापसुद्धा त्यात तोंड घालत नाही. मला हे ठाऊक होतं, पण गोदामात, मंडईत, रांगेत उभं राहून मिळवलेलं माझं नाव, त्यात आणखी कुणाचा मान असतो हे मला झेपलं नाही. मी चिडले. म्हणाले, "तू ठेवलेलं नाव मी वीस वर्षं अंगावर वागवलं, आत्या. पुन्हा तुला कशाला विचारू?"

तिनं फोन ठेवला. त्यानंतर तीन वर्षं ती बोलली नाही. मीही लावला नाही. आईशी बोलणं व्हायचं, पण नाव न घेता. अण्णांना चाळीस शेळ्यांची नावं तोंडपाठ आहेत, लांबून खूर वाजला तरी खैरी की चांदी ते सांगतात. मला मात्र ते फोनवर नुसतं "हां" म्हणायचे. मी सुट्टीला घरी जाऊ शकत होते, कुणी अडवलं नव्हतं. पण उंबऱ्यात उभी राहिले तर हाक कोण मारणार आणि काय म्हणून, हे कळत नव्हतं. मला त्याचीच भीती वाटायची.

मग दत्ताला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. "बाराव्या दिशी बारसं हाय. पोरीला सख्खी आत्या असताना चुलत आत्या कशाला धुंडायच्या? ये." मी पार्सलांच्या ढिगावर बसले. सुपरवायझर धावत आले, कोण गेलं म्हणून विचारायला लागले. म्हटलं, कुणी गेलं नाही, मी आत्या झाले.

बारशाला वस्तीवरच्या सगळ्या बाया जमल्या होत्या आणि सगळ्या माझ्या साडीकडे बघत होत्या. वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून-वरून फिरवून झालं. मी पुढे झाले तर आत्यानं माझा कान धरला. "थांब. आधी तुझं ऱ्हायलंय." मान खाली ओढून तिनं कानात कुर्रर्र केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कावेरी." रीतीप्रमाणे नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायांनी धपाटे घालायचे असतात. कुणाचाच हात उठेना. पहिला धपाटा आईनं घातला, चांगला दणदणीत. मग काय, सगळ्याच तुटून पडल्या.

त्यानंतर मी पाळण्यात वाकले. भाचीला नाव सांगितलं आणि हळूच पुढचंही सांगितलं, की नाही आवडलं तर फोन कर, मी रागावणार नाही. माझ्याही पाठीत धपाटे बसले. ती पाठ दोन दिवस दुखत होती आणि मला तिचा फार अभिमान वाटत होता.

बाहेर आले तर अण्णा कुडापाशी बसले होते. माझ्याकडे बघितलं, शेळ्यांकडे बघितलं. मग दत्ताला म्हणाले, "आत्याला च्या दे. लांबून आलीय." कावेरी ते अजूनही म्हणत नाहीत. मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण तो शेळीच्या दुधाचा चहा, ज्याला लहानपणी मी नाक मुरडायचे, मी आणखी अर्धा कप मागून घेतला.

पुण्यात कुणी घर कुठलं विचारलं की पूर्वी मी "बीडकडं" म्हणून विषय बदलायचे. आता सांगते, वडवणीजवळ आहे. तिथे मी आत्या आहे.