तारक्काच्या विहिरीत डिझेल

सुट्टीत कुठं जाऊ म्हणून विचारणाऱ्यांना मी निपाणी सांगत नाही. मी मात्र गेलतो, तेही सरकारी कामावर. ऐंशीच्या दशकात बेळगावच्या एका भूजल कचेरीत मी नवाच लागलो होतो. निपाणीजवळच्या वाडीतून अर्ज आला: तारक्काच्या विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास येतो, वरच्या अंगाला हायवेवर पेट्रोल पंप आहे. पंपवाले म्हणत होते, बाईचं स्वतःचं पाणी उपसायचं इंजिनच गळतंय. साहेब म्हणाले, "जाऊ, बाटली भरू, येऊ."

सकाळची लाल बस धरा. उजवीकडे बसू नका, ऊन लागतं. संकेश्वरची भजी गरम असली तरच घ्या. तवंदी घाटात माझं गिरमिट, म्हणजे जमिनीला भोक पाडायचं लोखंडी हत्यार, शेजारच्या आप्पांच्या गुडघ्यात घुसलं.

"हीर पाडाय निघालासा व्हय?"

"न्हाय आप्पा, बघाय."

"बघाय एवढं लोखंड?"

वाडीत पोचलो तर कठड्याला ताजा चुना, हळदकुंकू, फोडलेला नारळ. साहेब येणार म्हणून तारक्कानं आदल्या दिवशी अख्खी विहीर उपसली होती. पाव्हण्यांस्नी घाण पाणी दाखवायचं कसं! वर तरंगणारं सगळं डिझेल तंबाखूच्या सरीत गेलेलं. तळाला हातभर नितळ पाणी, वास उदबत्तीचा.

साहेबांनी बाटली उजेडात धरली. "स्वच्छ आहे. तसंच लिहू."

"म्हंजे मीच खोटी व्हय?" तारक्का खालीच बसली. "सा घरं पित्यात सायेब हे पाणी."

मला साहेबांचा लई राग आला. तोंडातल्या तोंडात शिवी हासडली आणि गिरमिट उचललं. इंजिनापाशी पहिलं भोक पाडलं: निव्वळ मातीचा वास. तिथून पंपाकडे सरकत गेलो. चौथ्या भोकात पुरुषभर खोलीवरून काळपट मुरूम आला. साहेबांनी तो नाकाला लावला. "डिझेलच." पंपाची पुरलेली टाकी गळत होती.

मुक्काम निपाणीत केला. रस्सा झणझणीत, खाटेला ढेकूण. सकाळी वाडीत परतलो तेव्हा विहिरीत पाणी चढलं होतं आणि वर सप्तरंगी तवंग. तारक्कानं गल्लीला हाका मारल्या, "बघा रं! सांगत हुतो का न्हाय?" एवढी खूश बाई मी क्वचित पाहिली.

मग तिनं विचारलं, "आता पाणी कवा प्यायचं?"

साहेब बुटाची माती खरवडू लागले. मुरमात मुरलेलं तेल काढायची सोय आमच्याकडं नव्हती.

"काही पावसाळे जातील, आक्का," मी म्हणालो.

"किती?"

मी गिरमिट पुसायला घेतलं.

बेळगावला येऊन अहवाल मीच टाइप केला. पहिल्या ओळीत तक्रार खरी, शेवटच्या ओळीत विहीर बंद करावी. साहेबांनी पाठ थोपटली. त्या अहवालाचा मला अजून अभिमान वाटतो आणि लाजही वाटते. पंपाला नवी टाकी बसली, विहिरीवर पत्रा ठोकला. पुढं कधीतरी वाडीचा एकजण भेटला. म्हणाला, तारक्का लांबच्या नळावरनं घागरी आणते आणि वाटेत भेटेल त्याला सांगते, "बेळगावच्या पोरानं मला खरी ठरीवली."