माडाऐवजी ऊस

"ताई, कुमुद गेली. झोपेतच..." मुलुंडहून कुमुदच्या यजमानांचा, माधवरावांचा फोन आला तेव्हा मी इथे बोरिवलीला तुम्हा नातवंडांच्या व्हिडिओ कॉलची वाट बघत होते. त्या रविवारी मी तुमच्याशी फारसे बोलले नाही, ते यामुळे. माझी धाकटी बहीण तुम्हाला 'किड्यांची आजी' म्हणूनच माहीत आहे. ती तशी का झाली, ते लिहून ठेवते.

आमच्या मालवणच्या घरामागचा माड सोंड्या भुंग्याने आतून पोखरला आणि एका दुपारी उभ्याउभ्या मोडला. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. हाच भुंगा पुढे आखाती देशांत पोचला आणि तिथल्या खजुरांच्या मुळावर उठला. कुमुद पार्ल्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. भुंग्यावर उपाय शोधायचा तर आधी तो पाळायला हवा, आणि त्याच्या अळ्यांना खायला माडाचा कोवळा गाभा लागे. "माड वाचवायला माड कापायचा? मला नाही जमणार," ती म्हणाली. मग तिने अळ्यांना दुसरे काही देऊन पाहिले. केळीचा खांब कुजला, अननसाला बुरशी आली. शेवटी ऊस. कांड्याला भोक पाडून आत अळी सोडायची आणि वर उसाच्याच चोयट्यांचा, म्हणजे तंतूंचा, बोळा बसवायचा.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद, म्हणून तिने ती कांडी घरी आणली. तुळशीच्या लग्नाला माधवरावांना वाटले, हिने प्रसादाचा ऊस कापून ठेवलाय. त्यांनी ती पूजेच्या उसाच्या कांड्यांबरोबर ताटात घालून शेजाऱ्यांना वाटली. कुमुद स्वयंपाकघरातून ओरडत आली, "खाऊ नका! अहो, माझी पोरं आहेत त्यात!"

"कुमे, लग्न आत्ता लागलं गं, पोरं कधी झाली?" मी म्हटले. सगळे हसले, ती नाही. प्रत्येकाच्या हातातले कांडे घेऊन ती कानाला लावू लागली. आत अळी कुरतडत असली की बारीक आवाज येतो. "हे तुमचं... हे माझं... हे माझं." तिची सगळी कांडी परत मिळाली. त्यातल्या अळ्यांचे भुंगे झाले, त्यांनी उसातच अंडी घातली, आणि तिच्या प्रयोगशाळेत त्यासाठी माड आणणे बंद झाले.

यंदा त्यांच्याकडे सण नाही. मी परवा मुलुंडला गेले होते, तेव्हा समोरच्या वहिनी तुळशीच्या लग्नाचा ऊस देऊन गेल्या. माधवरावांनी एक कांडे उचलले, कानाला लावले, बराच वेळ तसेच धरले... मग माझ्या हातात दिले.

"हे आपलं आहे, ताई. खा."